नाड्यांचा कोट

सुंदराबाईंनी टेरिकॉटचा तुकडा चिमट्यात धरून शेगडीवर नेला. तो आक्रसला, काळा पडला आणि त्याचा एक थेंब खालच्या फरशीवर ठिबकला. थेंब निवाल्यावर त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

"हे अंगावर पेटलं तर कातडीसकट निघेल, ताई," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुती तुकडा धरला. तो भुरुभुरु जळला आणि त्याची राख झाली. राख फुंकून टाकत त्या म्हणाल्या, "हे घ्या."

स्वयंपाकघरातल्या कोटांसाठी मी आदल्या दिवशीच टेरिकॉट घेऊन आले होते. इस्त्री लागत नाही, रंग उडत नाही, अशी माझी कारणं होती. पुण्यात दोन वर्षं कॅटरिंगचा कोर्स केला होता आणि त्या दोन वर्षांत शेगडीपासून चार हात लांबच उभी होते, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. मी निमूटपणे दुकानात गेले आणि सुती कापड बदलून आणलं.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. मिरजेत माझ्या मावशीचं, म्हणजे माईंचं, शारदा भोजनालय होतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. पार कर्नाटकातून पेशंट येत आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांना दोन वेळचं घरगुती जेवण लागे. दीडशे डबे रोज जायचे. शिवाय गावातल्या जुन्या घरांमधून सणावाराच्या, श्राद्धाच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी येत. माईंच्या घरचं म्हटलं की लोक डोळे मिटून नेत. त्या पोळ्या सुंदराबाईंच्या हातच्या असत. चौदा वर्षं त्या तिथं होत्या. नवरा दवाखान्यात वारला, पदरात दोन वर्षांची मुलगी, तेव्हा माईंनी त्यांना कामाला ठेवून घेतलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. मुलगी आता दहावीला होती आणि दोघींचं सगळं त्या स्वयंपाकघरावर चालत होतं. तिथं राहून राहून त्यांचं बोलणंही माईंसारखं झालं होतं.

त्या उन्हाळ्यात एका मोठ्या इस्पितळाने पेशंटच्या जेवणाचं काम माईंना द्यायचं ठरवलं. सोमवारी पाहणी होती. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांच्या अंगावर एकसारखे, स्वच्छ, कामाला सोयीचे कपडे हवेत, केस झाकलेले हवेत आणि छातीवर नाव हवं, अशी अट होती. काम मिळालं तर तिथली मुख्य स्वयंपाकीण सुंदराबाई, हे माईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानेही धड दिसत नाही, अशा त्या आतल्या खोलीत पडून होत्या.

"कपड्यांचं तू बघ," त्या मला म्हणाल्या. "तू शिकलीयस ना ते."

मी शिकले होते, पण कोट खरा बेतला तो सुंदराबाईंनी. साडीवरून घालायचा, गुडघ्यापर्यंतचा. मला पुढे बटणं हवी होती. त्या म्हणाल्या, बटण तुटून आमटीत पडलं तर ते पेशंटच्या पोटात जाईल, नाड्या लावा. मी म्हटलं, मागे गाठ मारू. त्या म्हणाल्या, अंगावर उकळतं वरण सांडलं की मागची गाठ कोण सोडणार, नाडी कुशीला हवी, एका हाताने ओढली की सुटणारी. बाही कोपराच्या खाली चार बोटं, कारण वाफ मनगटाच्या आतल्या बाजूला लागते. खिसा डाव्या अंगाला, कारण उजवीकडच्या खिशात झाऱ्याचा दांडा अडकतो. रंगाचं मी पांढरा म्हणत होते. त्यावर बाकीच्या सहाजणी हसल्या. शेवटी फिकट पिवळा ठरला, म्हणजे हळदीचे डाग त्यात मुरून जातील. प्रत्येक गोष्टीमागे कुणाची तरी भाजलेली जागा होती. त्या बोलता बोलता बाही वर करून ती दाखवत.

शिलाईचं काम मुजावर मास्तरांकडे दिलं. ते माप घ्यायला भोजनालयातच आले. नावाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "ताई, नाव काय घालायचं ते आधी पक्कं करा. मशीनचं भरतकाम आहे. मागाहून उसवलं तर भोकं राहतात, ती बुजत नाहीत."

सुंदराबाई तेव्हा माप द्यायला हात पसरून उभ्या होत्या. "माझं नुसतं सुंदरा घाला," त्या म्हणाल्या. "लांब नाव कशाला? दोरा वाया जाईल."

मला हसू आलं. एवढं शहाणपण असलेली बाई आणि स्वतःच्या नावाला दोरा वाचवते. मला ते मान्य नव्हतं. ज्या बायकांना जन्मभर लोक 'ए बाई' म्हणून हाक मारतात, त्यांची नावं छातीवर घालायची तर पूर्ण, डॉक्टरांच्या असतात तशी घालायची, असं मी ठरवून टाकलं होतं. कोट हातात पडल्यावर त्या काय म्हणतील, याचं चित्रही मनात रंगवलं होतं. म्हणून मी वाद घातला नाही. मास्तरांना म्हटलं, नावांची यादी उद्या पाठवते.

हजेरीच्या वहीत सहाजणींची आडनावं होती. सुंदराबाईंचं नव्हतं. माईंचा विसरभोळेपणा, दुसरं काय. मग इस्पितळाच्या तपासणीसाठी सगळ्यांची रेशनकार्डं जमा केली होती, त्यातलं त्यांचं काढलं. सुंदरा महादेव कांबळे.

मी ते वाचलं आणि क्षणभर थांबले, हे खोटं कशाला सांगू? माईंच्या सासूबाई ज्या समाजाच्या हातचं पाणी घेत नसत, त्यातलं हे आडनाव होतं. पण मी स्वतःला फार पुढारलेली समजत होते. आपण असलं काही बघत नाही, याचाच मला गर्व होता. उलट वाटलं, बघा, आमच्या माई किती मोठ्या मनाच्या. मी यादीत ते नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. दोरा लाल.

कोट शनिवारी सकाळी आले. घडी उलगडली की कोऱ्या कापडाचा वास येत होता. एका बाजूला 'शारदा भोजनालय', दुसऱ्या बाजूला नाव. मालन सुतार आपलं नाव बोटाने गिरवत होती. तिने ते रेशनकार्डाबाहेर कुठं पाहिलंच नव्हतं. सगळ्याजणी नाड्या ओढून, सोडून, पुन्हा बांधून बघत होत्या.

सुंदराबाई कोट हातात धरून उभ्या होत्या. त्यांना अक्षरओळख होती, पण वाचायला वेळ लागे. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, हा आज राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "माईंची पट्टी निघू दे. त्यांना दाखवू, मग घालते."

"अहो, परवा पाहणी आहे. आज सवय नको का व्हायला?"

"मी आज आत बसून पुरण वाटते. पुढे येत नाही."

"लाजताय काय नव्या नवरीसारख्या?" असं म्हणून मी कोट त्यांच्या हातातून घेतला, त्यांच्या अंगात चढवला आणि कुशीची नाडी माझ्या हाताने बांधली. त्यांनी हात वर धरून मला ती बांधू दिली. आजही ती गाठ मारताना माझी बोटं कशी हलली, ते मला आठवतं.

नऊ वाजता आठल्ये गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, एकटे राहत, दहा-बारा वर्षं आमच्याकडे जेवत. त्या दिवशी त्यांच्या पत्नीचं श्राद्ध होतं आणि एकवीस पोळ्यांची ऑर्डर होती. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी आपल्या झाडाचे पहिले आंबे ते सुंदराबाईंना आणून देत आणि त्यांना अन्नपूर्णा म्हणत. म्हणून पोळ्यांचा डबा त्यांच्या हातात नेहमी सुंदराबाईच देत. त्या दिवशी मात्र सुंदराबाईंनी मालनला डबा न्यायला सांगितलं. गुरुजी म्हणाले, "का? आज अन्नपूर्णा रुसली का?" मीच आतून सुंदराबाईंना पुढे पाठवलं.

गुरुजींना अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय राहवत नसे. डबा हातात घेता घेता ते मोठ्याने वाचू लागले, "सुंदरा... महादेव..." आणि थांबले.

"हे बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर," मीच उत्साहाने म्हटलं. "रेशनकार्डावरून घेतलंय."

त्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग तो टेबलावर ठेवला, आवाज होऊ न देता. आणि मला म्हणाले, "माईंना बोलव."

माई भिंतीला धरून धरून बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी ते नाव उच्चारलं, सगळं, आडनावासकट. म्हणाले, "दहा-बारा वर्षं या घरचं नैवेद्याला नेतोय, माई. मला भांडायचं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं का, एवढंच सांगा."

मला वाटलं, आता माई त्यांना चार शब्द सुनावतील. त्या कुणाला भीक घालणाऱ्या नव्हत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मला कसं ठाऊक असणार?" माई म्हणाल्या. "ती सुंदराबाई म्हणून आली. मी काय तिची कुंडली मागायला हवी होती?"

सुंदराबाई माईंकडे बघत होत्या. माईंना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण त्या नजरेचा अर्थ मी भलताच लावला. मला वाटलं, चोरी सापडल्यावर माणूस असंच बघतं. म्हणजे या बाईने खरंच लपवलं होतं तर. मला तेवढ्यातही थोडा रागच आला त्यांचा.

"माईंना ठाऊक नव्हतं, गुरुजी," सुंदराबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं नव्हतं."

गुरुजी डबा न घेता गेले. फाटकापाशी ते एकदा थांबले आणि पुन्हा चालू लागले. घरी त्यांनी श्राद्धाला काय वाढलं, कोण जाणे. मालनने फळीवरचा आपला जेवणाचा डबा उचलून वेगळ्या खिडकीत नेऊन ठेवला. रोज दुपारी ती सुंदराबाईंच्याच ताटातलं लोणचं उचलून खायची.

मिरज लहान गाव. दुपारपर्यंत अकरा घरांचे निरोप आले, पोळ्या नकोत म्हणून. कुणी म्हणालं, पाहुणे येणार नाहीत आता. कुणी म्हणालं, तब्येत बरी नाही. खरं कारण एकानेही सांगितलं नाही. सुंदराबाई मागच्या पडवीत पाट्याजवळ बसून होत्या. कुणी त्यांना काम सांगत नव्हतं आणि कुणी जा म्हणतही नव्हतं.

मी माईंच्या खोलीत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आडनाव कशाला घातलंस?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तेवढं आडनाव काढून टाक. सोमवारपर्यंत तिला पुढे येऊ देऊ नकोस. मग बघू."

ते सांगणाऱ्या माई असल्या तरी करणारी मी होते. मी शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री घेतली आणि पडवीत गेले. मला ती तडजोड शहाणपणाची वाटत होती, हे सांगायला हवं. मी सुंदराबाईंच्या समोर बसले आणि समजावलं, की नुसतं आडनाव उसवू, सुंदरा महादेव राहू दे. काही दिवस पुरणाचं मालन बघेल, तुम्ही डब्यांच्या भाज्या बघा. इस्पितळात कुणी काही विचारणार नाही. लोक विसरतात. मी बरंच बोलले. कात्री माझ्या हातातच होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उसवलं तरी भोकं ऱ्हात्यात, ताई," त्या म्हणाल्या. "मास्तरच म्हनलं न्हवतं का?"

त्या घरात मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"तुम्ही आधीच सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "मला निदान."

"कुनाला काय सांगायचं हुतं ते मी कवाच सांगितलंय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी पाटा धुतला. हातातलं काम पुरं केल्यासारखं सगळं जागच्या जागी ठेवलं. मला वाटलं कोट काढून देतील. त्यांनी नाडी ओढली, कोट काढला, त्याची बारीक घडी घातली आणि पिशवीत टाकली.

"ह्यो नेते. माप माजंच हाय, दुसरीला व्हायचा न्हाई."

माईंच्या खोलीच्या दाराशी त्या थांबल्या. आत गेल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, "येते, माई. डोळ्यात पानी जाऊ देऊ नका." आत कूस बदलल्याचा आवाज आला. मी अडवायला हवं होतं. मी फक्त फाटकाची कडी काढून दिली.

सोमवारी पाहणी झाली आणि काम आम्हाला मिळालं. पाहणीला आलेल्या बाईंनी मालनचा कोट हातात धरून उलटसुलट बघितला. कुशीची नाडी ओढून पाहिली, बाहीची लांबी पाहिली. म्हणाल्या, "बटणं नाहीत. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी म्हटलं, "माझ्या."

पुढच्या वर्षी माईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा तीच हिरवी पट्टी, तीच खोली. दोन्ही डोळे मिटलेले असताना माणसाला बोलणं सोपं जात असावं. मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला.

"ती पहिल्या दिवशी आली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. पोर कडेवर. मी म्हटलं, आत ये. तर म्हणाली, आधी माझं सगळं नाव ऐका आणि मग आत घ्या. आणि सांगितलंन. आडनावासकट."

मी वाटी खाली ठेवली.

"मी म्हटलं, ऐकलं. आता आत ये आणि इथं पुन्हा ते उच्चारू नकोस. नुसती सुंदराबाई राहा. बोलण्याचालण्याचं मी शिकवीन." माईंनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "मला वाटलं होतं, मी तिच्यावर केवढे उपकार करतेय. तिनं चौदा वर्षं माझा शब्द पाळला, वृंदा. आणि त्या दिवशीही माझीच लाज राखली. मला एक वाक्य बोलवलं नाही."

पट्टी भिजू नये म्हणून मी त्यांना रडू नका म्हटलं. मी स्वतः मात्र स्वयंपाकघरात जाऊन पाट्याजवळ बसून रडले. सुंदराबाईंना मी चोर समजले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले तर तिथं दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारीण म्हणाली, सांगितलं नाही कुठं जाते ते.

आणखी दोन वर्षांनी मी त्यांना पाहिलं. कुपवाडच्या कारखान्यांकडे एका कॅंटीनच्या कामासाठी गेले होते. दुपारची सुट्टी झालेली. एका झाडाखाली पत्र्याचा आडोसा करून भाकरीचं दुकान मांडलं होतं आणि कामगारांची रांग लागली होती. चुलीपाशी सुंदराबाई होत्या. मुलगी भाकरी थापत होती. अंगावर तोच पिवळा कोट होता, धुऊन धुऊन दुधासारखा फिका झालेला.

मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"बसा, ताई," त्या म्हणाल्या. जणू मी कालच येऊन गेले होते.

मी बाकावर बसले. त्यांनी भाकरी उलटली. मी म्हटलं, "माईंनी मला सांगितलं. पहिल्या दिवसाचं."

त्यांनी भाकरी निखाऱ्यावर धरली, फुगू दिली.

"माई कशा हाईत?"

"दिवाळीत गेल्या."

त्यांचा हात थांबला. भाकरीची एक कड करपली, ती त्यांनी मोडून टाकली.

"डोळं नीट झालतं का त्यांचं?"

"झाले होते. शेवटपर्यंत पेपर वाचायच्या."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी बऱ्याच स्वयंपाकघरांसाठी कपडे बेतले. सगळीकडे सुती कापड, कुशीला नाडी, डावीकडे खिसा. कुणाच्या छातीवर काय लिहायचं ते त्याला विचारल्याशिवाय पुन्हा कधी लिहिलं नाही. त्याने झालेलं काही भरून आलं नाही.

त्या दुपारी सुंदराबाई माझ्या ताटात भाकरी वाढायला वाकल्या तेव्हा कोट जवळून दिसला. एका बाजूला त्यांचं नाव होतं, पूर्ण, लाल दोऱ्यातलं, एकही टाका न सुटलेलं. दुसरी बाजू कोरी होती. 'शारदा भोजनालय' तिथला दोरा न् दोरा उसवून काढला होता. कापड कुठंही फाटलं नव्हतं. फक्त भोकं राहिली होती, आणि 'शा'चा काना त्यांत अजून वाचता येत होता.

"कालवण घालू का अजून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि खाली बघून भाकरी मोडली.